तिसरी पिन

होळी आटोपली की नागपुरात कूलर खिडकीला लागतात आणि मृगाचा पाऊस नीट बरसेपर्यंत माझा फोन काही गप्प बसत नाही. कूलर दुरुस्ती हे माझं काम. एरवी घरांच्या वायरिंगची कामं असतात, पण कमाईचे महिने हेच. त्यातही नवतपा लागला, म्हणजे २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत गेला, की लोकांचा धीर सुटतो. पारा ४५च्या घरात, रात्रीसुद्धा भिंतींना हात लाववत नाही, आणि सकाळी सहालाच फोन : "भाऊ, कूलर बंद पडला जी. पोट्टं रातभर झोपलं नाही. आधी आमच्याकडे या."

'आधी' सगळेच म्हणतात. मी आदल्या रात्रीच क्रम लावून ठेवतो. लहान लेकरू किंवा म्हातारं माणूस असलेलं घर पहिलं, दुकानं नंतर, आणि "हवा थंड नाही येऊन राहिली" वाले सगळ्यात शेवटी, कारण त्यांचा कूलर बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

त्या दिवशी तसलं एक घर वाटेवरच होतं म्हणून आधी उरकलं. मनीषनगरचा फ्लॅट, मुंबईहून बदली होऊन आलेलं जोडपं. कूलर नवाकोरा, बाजूच्या गवताच्या ताट्या ओल्याचिंब, पंप चालू. पण दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या आणि दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला. एसीची सवय, दुसरं काय! त्यांना समजावलं की कूलरचा सगळा खेळ पाण्याच्या वाफेवर आहे. वाफ होताना पाणी हवेतली उष्णता ओढून घेतं. बाहेरची कोरडी हवा ताटीतून आत आली, तर आतली ओली हवा कुठून तरी बाहेर पडली पाहिजे. खोली कोंडली की घटकाभरात हवा दमट होते, वाफ व्हायची थांबते आणि अंग चिकचिक करतं. नागपूरच्या मे महिन्यात हवेत ओल नावालाच असते, म्हणून इथे या पत्र्याच्या डब्याचं राज्य आहे. हाच डबा मुंबईला नेला तर नुसता ओला वारा खात बसाल. समोरची खिडकी वीतभर उघडली, तेवढ्यात काम झालं. पैसे घेताना जरा ओशाळल्यासारखं होतं, पण पेट्रोल काही फुकट येत नाही.

तिथून सामान घ्यायला बर्डीच्या बाजारात. पंप, कंडेन्सर, बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी), थोडी वायर. दुकानदार म्हणाला, "पंप दोन-चार जास्तीचे ने भाऊ, संध्याकाळपर्यंत माल नाही राहत." डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघालो. काही सिग्नलांवर हिरव्या जाळ्या बांधल्या आहेत, तिथे लाल दिवा लागला तर बरंच वाटतं.

महाल या जुन्या वस्तीत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. जुनं घर, पुढे अंगण, अंगणात तुळस. घरात आजी आणि कॉलेजात जाणारा नातू. तक्रार साधीच होती, मोटर घरघर आवाज करते. बुश गेलं असणार हे दारातूनच कळलं. पण चालू कूलरला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा हा माझा नेम आहे. कोपऱ्यावर रंग उडून पत्रा उघडा पडला होता, तिथे टोक टेकवलं. टेस्टर लख्ख पेटला.

"आजी, कूलर करंट मारते काय?"

"मारते नं," आजी म्हणाल्या, घरातली मांजर नखं मारते हे सांगावं तशा सहज. "थोडासाच मारते. मी चप्पल घालूनच पाणी टाकतो. मागच्या सालापासूनच हाय तसं."

प्लग काढून पाहिला. तीन पिनांचा प्लग, पण वरची जाड पिन मुळापासून छाटलेली. नातू म्हणाला, "एक्स्टेन्शनच्या बोर्डात बसत नव्हती ना काका. पक्कडीनं कापली." त्याचा हिशेब त्याच्या परीनं बरोबरच होता. पिन कापल्यावरही कूलर पहिल्यासारखाच चालला. दोन पिनांवर पंखाही फिरतो आणि पंपही चालतो. तिसरी पिन रोजचं काहीच काम करत नाही, म्हणून तिच्यावरच सगळ्यांची पक्कड चालते. ती बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. का, तर प्लग लावताना तिने सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. तिला जोडलेली हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला कसलेली असते. पत्र्यात वीज उतरलीच तर ती या वायरीने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर वीज पत्र्यातच वाट बघत बसते, ओल्या पायाने कोणी हात लावेपर्यंत. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात. पाणी भरताना, नाहीतर ओल्या फरशीवर.

चप्पल घाला, कूलरखाली लाकडाची फळी टाका, असे सल्ले लोकांच्या मनाचे नसतात बरं. आमच्याच धंद्यातले मिस्त्री देतात. पाच मिनिटांत घर सुटतं आणि गिऱ्हाईकही खूश. मला याची मनापासून चीड आहे.

वीज उतरत कुठून होती ते शोधायला ताट्या काढल्या. पंपाची वायर टाकीच्या पत्र्याच्या काठावरून बाहेर आली होती आणि मोटरच्या थरथरीने तो काठ वायरीवर करवतीसारखा चालला होता. वरचं प्लास्टिक चिरलेलं, आत तांबं उघडं, त्याच्यावर हिरवट कीट. ओला पत्रा त्याला टेकलेला. नवा पंप टाकला, वायर रबरी वायसरमधून काढली, बुश बदललं, तीन पिनांचा नवा प्लग लावून तो थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातला.

इथे काम संपायला हरकत नव्हती. पण तिसरी पिन जिथे जाते तिथे अर्थिंग, म्हणजे विजेची जमिनीत उतरायची वाट, जिवंत आहे का, हे कोण बघणार? माझ्याकडे होल्डरला दोन वायरी जोडलेला १०० वॅटचा बल्ब असतो. घरातल्या सगळ्यांना फ्रिजपासून आणि नळापासून लांब बसवलं, कारण अर्थिंग मेलेलं असेल तर ही तपासणी चालू असताना फ्रिजचा पत्राही झटका देऊ शकतो. मग बल्बची एक वायर फेजला, म्हणजे वीज येते त्या भोकात, दुसरी अर्थच्या भोकात. बल्ब पेटला, पण देवघरातल्या झिरोच्या दिव्याएवढाच.

"अर्थिंगचा खड्डा कुठं आहे आजी?"

आजी थोडा वेळ आठवत राहिल्या. "आमच्या ह्यांनी तुळशीपाशी केला होता. पोतंभर कोळसा अन् मीठ टाकलं होतं. त्याच्यावर आता फरशी बसवली न." फरशी होती, पण लोखंडी पाइपाचं तोंड एका कुंडीखाली सापडलं. मातीने बुजलेलं. नातवाने खिळ्याने कोरून कोरून मोकळं केलं.

कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. कोळसा ओल धरून ठेवतो, मिठामुळे त्या ओलीतून वीज सहज जाते, पण मुळात पाणी तर पाहिजे! मेमध्ये आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथे बंद खड्ड्यात काय ओल राहणार? पाइपात बादलीने पाणी ओतायला लागलो. पहिल्या दोन बादल्या कुठे गेल्या कळलंच नाही. तिसरी हळूहळू उतरली. मूठभर खडे मीठ टाकलं आणि पाणी मुरेपर्यंत अर्धा-पाऊण तास आजींच्या हातचं पन्हं पीत बसलो. परत बल्ब लावला, तर असा भकभकून पेटला की नातू मोबाइल काढून व्हिडिओच घ्यायला लागला.

"मग आता रोज पाणी टाकाचं काय?" नातवाने विचारलं.

"उन्हाळाभर रोज सकाळी एक-दोन बादल्या. आणि मेन बोर्डात आरसीसीबी बसवून घे, उद्या मीच आणतो. ३० मिलिअँपिअर वीज वाट चुकली तरी ते लाइन तोडते."

पैशांच्या वेळी आजींनी बारकाईने विचारलं, "बल्ब लावून पाहाचे किती?" म्हटलं, पंपाचे, बुशचे आणि मजुरीचे द्या. बल्ब पन्ह्यात वळता झाला.

दुपारी आणखी काही घरं झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. क्षाराने बुजलेले पंप आणि जळलेले कंडेन्सर. संध्याकाळी कॉटन मार्केटमधून कैऱ्या घेतल्या, बाबांची बीपीची गोळी घेतली, दळण उचललं. चक्कीवाल्याने दळणाच्या डब्याबरोबर स्वतःच्या कूलरची कहाणीही हातात दिली.

घरी आल्यावर गच्चीवर पाणी मारणं माझ्याकडे. पहिली बादली सिमेंटवर पडते न पडते तोच वाळते. दिवेलागणीनंतर जरा बसण्यासारखं होतं, मग कॅरम निघतो. तोच १०० वॅटचा बल्ब दोरीवरून बोर्डावर लोंबकळतो. मुलगी बोरिक पावडर टाकते, बायको आणि बाबा एका बाजूला, मी आणि मुलगी दुसऱ्या. बाजूच्या गच्चीवर मोबाइलवर आयपीएल चालू, त्यामुळे स्कोअर आपोआप कळतो. बाबांना मॅच आवडत नाही, पण चौकार बसला की मान वर होतेच.

खेळ रंगात आला आणि फोन वाजला. महालातला नातू. "काका, आजी म्हणून राहिली, कूलरचा आवाज बंद झाला तर आता झोप नाही येत. जुनं बुश परत बसवता येईन काय?" मागून आजींचा आवाज आला, "असं नाही म्हटलं रे मी!"

फोन ठेवून पाहतो तर राणी बोर्डावरून गायब. बाबा म्हणाले, मी घेतली आणि कव्हरही केली. मुलगी म्हणते, कव्हर केलीच नाही. बायको काही बोलेना, म्हणजे मुलगीच खरी. बाबांनी राणी मुठीत धरून ठेवली ती ठेवलीच. शेवटी डाव मोडून नवा मांडला.