ताकादानोबाबाला कोपर सुटलं

अंध मुलांना पांढरी काठी घेऊन एकट्यानं फिरायला शिकवणं हे माझं काम. पुण्यातल्या आमच्या शाळेत या तासाला सगळे नुसतं ‘मोबिलिटी’ म्हणतात. त्यातला पहिला धडा कोपराचा. डोळस माणसानं अंध माणसाला दंडाला धरून ढकलायचं नाही. अंध माणसानं आपलं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागून चालायचं. कोपर खाली गेलं की जिना उतरायचा, पाठीकडे वळलं की वाट अरुंद, हे न बोलता कळतं. सतरा वर्षं मी हे शिकवते आहे, आणि टोकियोत एका संध्याकाळी माझंच कोपर ताईंच्या हातातून सुटलं.

ताई आमच्याकडे ब्रेल शिकवतात. जन्मांध आहेत, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी आम्ही दोघी गेलो होतो, मुक्काम शिंजुकूला. कार्यशाळा संपल्यावर एक दिवस हाताशी होता. तो आम्ही ताकादानोबाबा इथली जपान ब्रेल लायब्ररी बघायला राखून ठेवला. शहराभोवती गोल फिरणारी यामानोते नावाची लोकल आहे, तिच्यावर शिंजुकूपासून हे दुसरंच स्टेशन. मध्ये फक्त शिन-ओकुबो.

गाडीतला प्रवास चार-पाच मिनिटांचा. खरी वाट शिंजुकू स्टेशनाच्या पोटातली. करोनाच्या आधी तिथून दिवसाला ३० लाखांहून जास्त माणसं जात-येत होती आणि बाहेर पडायचे रस्ते २००हून जास्त. दादरच्या पुलावर सकाळी नऊला जे होतं ते तिथं दिवसभर, फक्त आवाज नाही. मी पाट्या शोधत होते. ताई म्हणाल्या, “तू पाट्या बघ, मी खाली बघते.” त्यांची काठी पिवळ्या फरशीवर होती.

या फरश्यांना तिथं ‘तेन्जी ब्लॉक’ म्हणतात. तेन्जी म्हणजे ब्रेल. सेइइची मियाके या माणसानं १९६५ मध्ये त्या शोधल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या एका रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या असतील तर चालत राहा, गोल ठिपके आले तर थांबा, पुढे काहीतरी आहे. आपल्याकडेही आता मेट्रोत, फुटपाथवर या फरश्या दिसतात. पण आमच्या शाळेजवळच्या फुटपाथवर त्यांची रांग सरळ जाऊन विजेच्या डीपीवर आदळते. मुलांना तिथं नेलं की मला सांगावं लागतं, “बाळांनो, या फरशीवर विश्वास ठेवायचा नाही.” हे वाक्य उच्चारताना दर वेळी जीव तुटतो. शिंजुकूत ताई वीस मिनिटं चालल्या आणि ती रांग एकदाही तुटली नाही. गेटपर्यंत गेली, गेटच्या पलीकडे पुन्हा सुरू झाली, जिन्याच्या तोंडाशी ठिपके होऊन थांबली.

ज्या फलाटांच्या कडेला गाडी आल्यावरच उघडणारे दरवाजे नव्हते, तिथं ताईंनी बुटानं चाचपून एक गोष्ट शोधून काढली. कडेच्या ठिपक्यांना लागून एकाच बाजूनं एक सलग उंच पट्टी जाते. ती रुळांच्या बाजूला नसते, फलाटाच्या आतल्या बाजूला असते. म्हणजे गर्दीत धक्का लागून माणूस गोल फिरला, दिशा हरवली, तरी पायाला कळतं की पट्टीच्या पलीकडे गेलो की वाचलो. ताई त्या पट्टीवर तीनदा पाय फिरवून म्हणाल्या, “हे ज्यानं केलं ना, त्यानं आधी पडलेल्या माणसाचा विचार केलाय.”

जिन्याच्या कठड्यावर ब्रेल होतं. ताईंची बोटं त्यावरून गेली आणि त्या हसल्या. आकडा त्यांना लगेच वाचता आला, कारण ब्रेलमधले आकडे इथे-तिथे सारखेच. फलाट नंबर मिळाला. पुढची अक्षरं मात्र जपानी. त्यांचा ‘अ’ म्हणजे आपलाच ‘अ’, एक ठिपका. पण त्यांची ‘इ’ आपल्याला ‘ब’ वाचली जाते, ‘उ’चा ‘च’ होतो. ताई जिन्यावर उभं राहून “च, ब, छ...” असं वाचत होत्या आणि मागचे लोक काही न बोलता बाजूनं जात होते.

ताकादानोबाबाला उतरलो तेव्हा मला आतून थोडं भरून आलं. १९७३ साली याच स्टेशनात, यामानोतेच्या फलाटावरून एक अंध प्रवासी रुळांवर पडून मरण पावला. तेव्हा या फलाटावर पिवळ्या फरश्या नव्हत्या. घरच्यांनी रेल्वेवर दावा लावला, तो कितीतरी वर्षं चालला आणि १९८६ मध्ये तडजोडीनं मिटला. फलाटांना फरश्या हव्यातच ही मागणी त्या दाव्यानं लावून धरली. आता तिथं कमरेएवढे दरवाजेही आहेत. मी हे ताईंना फलाटावरच सांगितलं. त्यांनी दरवाजाच्या कठड्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

रस्त्यावर आलो तर फरशीवर दोन सायकली लावलेल्या. टोकियोतही हे होतं. काठी सायकलच्या चाकात अडकली. दुकानातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, दोन्ही सायकली उचलून भिंतीला लावल्या आणि आम्ही काही म्हणायच्या आत परत आत गेले.

लायब्ररीबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. १९४० मध्ये काझुओ होन्मा यांनी ती सुरू केली. ते स्वतः लहानपणीच अंध झालेले. युद्धात बॉम्ब पडायला लागले तेव्हा त्यांनी ब्रेल पुस्तकं टोकियोबाहेर हलवून वाचवली. ताई तिथं जपानी ब्रेलच्या तक्त्यासमोर बसल्या त्या दुपार संपेपर्यंत उठल्या नाहीत.

आणि मग संध्याकाळ. परतीला फलाटावर ऑफिस सुटल्याची गर्दी होती. गाडी आली, दार उघडलं, ताई माझं कोपर धरून अर्धं पाऊल मागे. उतरणारी माणसं दोन्ही बाजूंनी बाहेर आली, मी वाट द्यायला वळले आणि त्या एका क्षणात कोपरावरची बोटं गेली. मागच्या रेट्यानं ताई आत गेल्या, मी बाहेर राहिले. धून वाजली, दारं मिटली. काचेतून मला त्यांची काठी धरलेली मूठ दिसली, चेहरा नाही दिसला.

घशाला कोरड पडली. हात थरथरत होते. पण धडा पाठ होता, तो आम्ही रोज सकाळी निघताना एकमेकींना म्हणून दाखवायचो: सुटलो तर पुढच्या स्टेशनला उतरायचं, उतरल्या जागी थांबायचं, हलायचं नाही. ताई हलणार नाहीत याची मला खात्री होती. त्या गाडीतून उतरू शकतील का, याची नव्हती.

फलाटावरच्या कर्मचाऱ्याकडे धावले. मला जपानी येत नाही, त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं. पिशवीतून माझी घडीची पांढरी काठी काढली, त्याच्यासमोर उघडली, डोळे मिटले, गेलेल्या गाडीकडे बोट दाखवलं आणि एक बोट वर केलं: एकटी. त्यानं एकच शब्द विचारला, “शिन-ओकुबो?” मी मान हलवली. तो फोनवर बोलायला लागला होता तेव्हा माझं रडू अजून फुटलंही नव्हतं. तिथं काठीवाला किंवा व्हीलचेअरवाला प्रवासी एकटा निघाला की उतरायच्या स्टेशनला फोन करून ठेवायची त्यांची रोजचीच पद्धत आहे, हे मला माहीत होतं. ती आमच्यासाठी अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पुढची गाडी तीन-चार मिनिटांत आली. ती तीन-चार मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

शिन-ओकुबोला दार उघडलं आणि समोर ताई. फलाटाच्या मधोमध, पिवळ्या पट्टीवर, एका तरुण कर्मचाऱ्याचं कोपर धरून, अर्धं पाऊल मागे. बरोबर जसं शिकवतो तसं. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, “अगं, रडतेस काय? उतरले, ठिपके लागले, पट्टी धरून आत आले, उभी राहिले. मिनिटभरात हा मुलगा आला. माझा हात ओढला नाही गं त्यानं. आपला हात माझ्या हाताच्या पाठीला लावला आणि थांबला, मी धरीपर्यंत.”

त्या स्टेशनाच्या जिन्याजवळ भिंतीवर एक फलक आहे, जपानीत आणि कोरियन भाषेत. २६ जानेवारी २००१ च्या संध्याकाळी एक माणूस तिथल्या रुळांवर पडला. त्याला काढायला ली सू-ह्योन हा कोरियन विद्यार्थी आणि शिरो सेकिने हे छायाचित्रकार खाली उतरले. तिघंही गेले. आम्ही त्या फलकापुढे उभ्या राहिलो. मी सांगितलं, ताईंनी काठी बगलेत धरून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी विमान रात्रीचं होतं. सकाळी ताई म्हणाल्या, “त्या फोन करणाऱ्याला कोण सांगणार?” मग आम्ही परत ताकादानोबाबाला गेलो. ड्युटीवर दुसराच माणूस होता. ताईंनी रात्री पाटी-स्टायलसवर एक चिठ्ठी टोचून ठेवली होती, तक्त्यावरून शिकलेल्या जपानी अक्षरांत: ‘अरिगातो’, म्हणजे धन्यवाद. ब्रेलच्या सहा चौकटी, त्यातली पहिली आपल्या ‘अ’ची. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. त्याला ब्रेल येत असेल असं वाटलं नाही. पण त्यानं पांढरा हातमोजा काढला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, सावकाश. ताईंनी मला विचारलं, “वाचतोय का गं?”

“हो,” मी म्हणाले. “हात लावून.”