आमची वाटचाल: मीटर, कान आणि बाईंची खुर्ची

सुरुवात दुरुस्तीपासून झाली. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे आणि रात्री घरच्याच टेबलावर लोकांचे ॲम्प्लिफायर उघडून बसायचं. पुढे सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा एक जुना ऑसिलोस्कोप आणि यंत्र सिग्नल किती बिघडवतं ते मोजणारा डिस्टॉर्शन मीटर हाती लागला, आणि आमच्या डोक्यात हवा गेली. स्वतःचा ॲम्प्लिफायर बनवला. डिस्टॉर्शन ०.०१ टक्का, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या सगळ्या सुरांचा आलेख पाटासारखा सपाट. सिग्नल विटाळू नये म्हणून बास-ट्रेबलची बटणंसुद्धा काढून टाकली. पत्रकावर तो आलेखच छापला. गाण्याबद्दल त्यात एक ओळ नव्हती.

सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने तो घेतला. आठवड्याभरात फोन आला, "अहो, तंबोऱ्याचा खर्ज कुठे घालवलात?" यंत्र आणून तपासलं. दोष नाही. परत दिलं, परत फोन. शेवटी आम्हीच त्यांच्याकडे गेलो.

खोली दहा बाय दहा फूट, चक्क चौरस. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपासचा खालचा सूर अडकतो, आणि इथे लांबी-रुंदी सारखीच, म्हणजे दोन्हीकडून तोच सूर. भिंतीशी नुसता घुमघुमाट, मध्यभागी दुष्काळ. बाईंची खुर्ची नेमकी मध्यभागी! त्यात त्या ऐकणार रात्री, शेजारी झोपल्यावर, अगदी हळू. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर आधी ऐकू येईनासे होतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. आम्ही ते वाचलेलंही होतं. पण आमचा मीटर टेबलावर यंत्र मोजत होता. खोली, रात्र आणि बाई त्यात कुठे येणार?

बासचं बटण परत बसवलं.

म्हणून कान तेवढा खरा, असंही नाही. एकदा भागीदार ॲम्प्लिफायरमधल्या नव्या कपॅसिटरवर, म्हणजे एका छोट्या सुट्या भागावर, फिदा झाला, "काय खुललाय आवाज!" मोजलं तर ते यंत्र जेमतेम एक डेसिबल मोठं वाजत होतं. पातळी सारखी केली, न सांगता अदलाबदल केली, तर पठ्ठ्याला एकदाही ओळखता आलं नाही. हजारो रुपयांच्या केबल आम्ही विकत नाही, त्या याच कारणाने.

आता यंत्र आधी मीटरवर जातं आणि मग गिऱ्हाइकाच्या घरी, त्यांच्याच आवडत्या रेकॉर्डसकट. बाईंची खुर्ची आम्ही दोन फूट मागे सरकवून आलो होतो. पुढच्या वेळी गेलो तर ती पुन्हा मध्यभागी. वाचायला उजेड तिथेच येतो म्हणाल्या.