माप सारखं नव्हतं

परभणी जिल्ह्यातल्या चोवीस शेतांवर आम्ही सोयाबीनचा प्रयोग घेतला होता. चिठ्ठ्या टाकून बारा जणांना सपाट पेरणी दिली, बारा जणांना बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरी. आकडेमोड माझ्याकडे होती. टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरींची तुलना, केली. सरासरी जवळपास सारखीच निघाली आणि ‘फरक आढळला नाही’ असं मी अहवालात लिहूनही टाकलं.

दुपारी वजनकाट्यावरचे मामा म्हणाले, “सर, सरीवरचं कोणाचंबी माप बघा, उन्नीस-बीस. सपाटाचं मात्र एकाचं लई, एकाचं कायच नाही. मग फरक नाही म्हणता, ते कामून?”

मी वही पुन्हा उघडली. उत्पादनातला चढउतार मी तपासलाच नव्हता.

आधी एफ-टेस्ट लावली, म्हणजे दोन्ही गटांच्या व्हेरिअन्सचा भागाकार. व्हेरिअन्स म्हणजे चढउताराचं माप, सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग करून काढलेलं. फरक ठळक आला, पण माझं मन मानेना. आकड्यांची वाटणी घंटेच्या आकाराची आहे असं ही टेस्ट धरून चालते आणि टोकाच्या एखाद्या आकड्यानेही फसते. सपाट गटाचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, एकरी ८ क्विंटल होता. ओढ्याकाठच्या एका शेतात पाणी तुंबून ३ क्विंटलच निघालं होतं. मध्यकापासून धरलं तरी अंतर ५, वर्ग केला की २५. हे एकटं शेतच निकाल ओढत असलं तर?

संख्याशास्त्रज्ञ लेव्हीनने १९६० मध्ये सरासरीपासूनची अंतरं, वर्ग न करता, घेऊन चढउतार तपासायची टेस्ट दिली होती. १९७४ मध्ये ब्राउन आणि फोर्साइथ यांनी सरासरीच्या जागी मध्यक घेतला. मी तशीच चोवीस अंतरं उणे चिन्ह सोडून लिहिली आणि त्या अंतरांचीच दोन गटांत तुलना केली. ओढ्याकाठच्या शेताचे ५ आता ५च राहिले. फरक तरीही टिकला.

ते शेत वगळू या, असं एक सहकारी म्हणाला. मी ऐकलं नाही. काळ्या जमिनीत जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, उघडीप पडली तर ओल टिकते, त्यासाठीच तर बीबीएफ. आणि सरासरी आमच्या कागदावर असते. कोरडवाहूवाल्याकडे शेत एकच, ते ३ क्विंटल त्याच्याच घरी येतं.

जुनं वाक्य खोडून लिहिलं, ‘सरासरीत फरक आढळला नाही, मात्र सरीवर चढउतार कमी.’ ही शंका आकडे बघितल्यावर आली, हेही खाली नोंदवलं. पुढच्या खरिपाच्या आराखड्यात ही टेस्ट पेरणीआधीच लिहून ठेवली आहे.