तुम्ही विचारलंत म्हणून: दादा, यात पुढे कुठं शिकायचं?

प्रयोग संपून वायरी गुंडाळताना हमखास एखादा पोट्टा विचारतोच, दादा, लाइट्सचा एखादा कोर्स सांगा ना, नागपुरात काही होते का पुण्या-मुंबईलेच जा लागते. मागच्या महिन्यात कथ्थक शिकवणाऱ्या एका ताईंनीही हेच विचारलं, फक्त भाषा जरा सभ्य होती. दरवेळी विंगेत उभ्यानं अर्धवट उत्तर देतो, म्हणून आता एकदा बसून लिहून टाकतो.

मी नाटकाची प्रकाशयोजना करतो, वीसेक वर्षं झाली. शिकलो राज्य नाट्य स्पर्धेत, एका सीनियरच्या हाताखाली लाइटसमोर लावायचे रंगीत जिलेटिन पेपर कापता कापता. त्यानं समजावून असं कधी काही सांगितलं नाही, चुकलं की 'काय करून राहिला बे' एवढंच. त्या शिदोरीवर बरीच वर्षं आरामात निघाली, कारण उजेड कमी-जास्त करणारा डिमर होता, हॅलोजन होते, दांडी वर सरकवली की उजेड वाढायचा. मग एलईडी आले आणि आपली पाटी कोरी. पहिल्याच प्रयोगात, आजोबा जातात त्या प्रसंगाला, मी डावीकडचा एक लाइट निळा केला तर उजवीकडचाही निळा, घाबरून लाल केला तर दोन्ही लाल, मेलेल्या आजोबांनी एक डोळा उघडून वर पाहिलं. भानगड एवढीच होती की हे लाइट डीएमएक्स नावाच्या डिजिटल लाइनवरून हुकूम घेतात आणि प्रत्येकाला त्या लाइनवरचा पत्ता द्यावा लागतो, एका लाइनवर 512 चॅनेल, म्हणजे हुकमाचे कप्पे, असतात, लाइट सात चॅनेलचा असेल तर पहिल्याला 1, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 15 असं मोजत जायचं. मी दोघांनाही 1 देऊन बसलो होतो. हे मला साउंडवाल्याच्या पोरानं पाच मिनिटांत शिकवलं, वर चहाही त्यानंच पाजला, म्हणजे अपमान पूर्ण.

तेव्हापासून मी शोधायला लागलो की आपल्यासारख्यांना मधल्या वयात शिकायचं असेल तर आहे तरी काय. तर आहे बरंच. आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, 1986 पासून, देशात अशी सातच केंद्रं आणि त्यातलं एक इथं, पण आपण तिथं जातो ते मेळ्यात साड्या नि झुणका-भाकर बघायला. त्यांच्या कार्यशाळांवरही नजर ठेवत जा. वय 18 ते 25 असेल तर केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिन्याला 5000 रुपये, दोन वर्षं, गुरूकडे शिकण्यासाठी. नाटकही त्यात बसतं. पंचविशीच्या पुढे फेलोशिप, चाळिशीपर्यंत ज्युनियर, महिन्याला 10,000, त्यानंतर सीनियर, 20,000. पण इथं लोक गल्लत करतात. फेलोशिप क्लास लावायला नसते, ती संशोधनाला असते. 'मला लाइटिंग शिकायचं आहे' लिहिलं की अर्ज गेला बाराच्या भावात. 'विदर्भातल्या रात्रीच्या नाटकांत वीज यायच्या आधी उजेड कसा करायचे' असं काही लिहा, मग निदान कोणी वाचेल तरी. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सही प्रकल्पांना पैसे देते आणि तिथं अर्ज मराठीत चालतो, इंग्रजीचा बाऊ करायचं कारण नाही.

आता माझी फजिती. असाच एका ठिकाणी मी अर्ज केला, खूप आशेनं. त्यांनी कामाचा पुरावा मागितला. घरी येऊन माळा काढला, जुनी ब्रोशर्स पसरली, बायको म्हणे काय रद्दीवाल्याले बोलावलं का. निम्म्या ब्रोशर्समध्ये लेखक, दिग्दर्शक, नट, नाश्त्याचे प्रायोजकसुद्धा छापलेले आणि प्रकाशयोजनेसमोर नुसतं 'मित्रमंडळ'. फोटो होते ते सगळे नटांचे, चेहऱ्यावर माझाच उजेड, पण ते सिद्ध कसं करणार! अर्ज परत आला. संस्थेचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही, आमच्याकडे कागदच नव्हता.

त्यामुळे पोट्ट्यांना मी कोर्सचं नाव सांगायच्या आधी क्यूशीट मागतो, म्हणजे कोणत्या वाक्याला कोणता लाइट लावायचा नि घालवायचा याची यादी. शंभरातल्या नव्वदांकडे नसते, डोक्यात असते म्हणतात. अरे बापा, डोकं स्कॅन करून जोडता येत नाही ना अर्जाला! प्रत्येक प्रयोगाची क्यूशीट, लाइट कुठं टांगला त्याचं एक वेडंवाकडं चित्र, रिकाम्या रंगमंचाचे चार फोटो आणि ब्रोशरमध्ये स्वतःचं नाव, भांडून. कथ्थकवाल्या ताईंनाही तेच सांगितलं, तर म्हणाल्या आमच्या आयोजकांनी पावतीसुद्धा दिली नाही कधी. काय बोलणार.

आणि कोर्सच करायचा असेल तर माझं ऐका, एक सीझन झाडीपट्टीत काढा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगाव रात्रभर चालणाऱ्या नाटकांत. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक मंडळ्यांची ऑफिसं आहेत, दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली की आज हे गाव उद्या ते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळेपर्यंत आमच्यातलेच काही शहाणे झाडीपट्टी म्हटलं की नाक मुरडायचे. मी दोन सीझन गेलो. दुपारी उतरायचं, अंधार पडायच्या आत उभं करायचं, नाटक पहाटेपर्यंत, मग सगळं काढून गाडीत झोप. व्होल्टेज कधी बसेल नेम नाही, म्हणून कोणता लाइट आधी सोडून द्यायचा हे मनात ठरलेलंच पाहिजे. थंडीत गोधडी पांघरून बसलेल्या बाया मागून ओरडतात, 'तोंड दिसू द्या ना जी तिचं!' मूड, निळसर छटा, सगळं गेलं खड्ड्यात, आधी तोंड. हे मला स्पर्धेतल्या एकाही परीक्षकानं इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

तिथल्या क्यूशीट मात्र आहेत माझ्याकडे, सगळ्या. काहींवर रश्श्याचे डाग आहेत. ज्याला बघायच्या असतील त्यानं रविवारी सकाळी यावं, येताना तर्री-पोहे आणावे, तर्री वेगळी बांधून.