अण्णांचं रात्रीचं खाणं

आज अण्णांना आहारतज्ज्ञांकडे नेलं होतं. लिव्हरचा सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक झालंय. पोटात पाणी साठल्यामुळे वजनकाटा कमी दाखवत नाही, पण दंड पार सुकलेत. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकालाही सैल पडतो. बाईंनी आधी त्यांना मूठ आवळायला लावून ताकद मोजली, मग विचारलं, "रात्री किती वाजता जेवता?" अण्णा सातलाच जेवतात. अशा लिव्हरमध्ये साखरेचा साठा फार कमी असतो. त्यामुळे एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो, आणि शरीर स्नायू तोडून गरज भागवतं. त्यात लिव्हर थकल्यावर रक्तातला अमोनिया (प्रथिनं पचताना तयार होणारा विषारी पदार्थ) ओढून घ्यायचं बरंचसं काम स्नायूंवरच येतं!

म्हणून झोपण्याआधी 50 ग्रॅम कर्बोदकं मिळतील असं खाणं, आणि पाण्याचं वजन वगळून किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं. लिव्हरच्या पेशंटला "डाळ बंद करा" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

बीसीएए पावडरचंही (प्रथिनांतल्या काही ठरावीक अमिनो आम्लांची पावडर) विचारलं. आधी दूध, पनीर, डाळी. तेवढं पोटात जात नसेल तरच पावडर, तीही डॉक्टरांना विचारून.

आत्ता दहाला अण्णांनी वाटीभर दूध-पोहे खाल्ले. तुमच्याकडे कुणी लिव्हरचा पेशंट असेल, तर रात्रीच्या खाण्याचं डॉक्टरांना नक्की विचारा.