द्राक्षबागेचा लॉगर: तेराव्या ओळीचं कोडं सुटलं

काल रात्री साडेअकराला सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, चौदावी ओळ उमटली आणि मी खुर्चीतून उठलोच. तीन आठवडे तिची वाट बघत होतो.

दिंडोरीच्या मामांच्या बागेतला लॉगर (सेन्सरचे आकडे नोंदवत राहणारं यंत्र) अर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरून ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डावर हलवतोय, हे मागच्या वेळी लिहिलं होतं. कोड तसाच उचलला, एकही वॉर्निंग न येता कंपाइल झाला. दर ५ सेकंदांनी एक नोंद अशा १३ नोंदी यायच्या आणि मग सगळं ठप्प. रीसेट मारला की पुन्हा १३. आधी सेन्सरवर संशय, मग वायरिंगवर, मग अ‍ॅडॅप्टरवर. नाशिकच्या रविवार कारंजाजवळून नवा अ‍ॅडॅप्टर आणला. तिथला दुकानदार वस्तू मल्टिमीटर लावून दाखवतो, म्हणून मी ऑनलाइन मागवत नाही. तरी तेराच!

शेवटी कागदावर गुणाकार केला. तेरा पंचे पासष्ट. ६५ सेकंद म्हणजे ६५,००० मिलिसेकंद, आणि १६ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ६५,५३५.

ऊनोत रॅम जेमतेम २ केबी, म्हणून वेळ यूइंट१६मध्ये, म्हणजे १६ बिटांच्या बिनचिन्ह (उणे न होणाऱ्या) पूर्णांकात, ठेवली होती. 'आत्ता वजा मागची' ५,००० झाली की नोंद घ्यायची. तेरावी नोंद ६५,०००ला. पुढच्या नोंदीच्या वेळी काउंटर गोल फिरून ४,४६४वर आलेला. एव्हीआरवर, म्हणजे ऊनोच्या चिपवर, इंटच (साधा पूर्णांक) १६ बिटांचा, त्यामुळे वजाबाकी बिनचिन्ह १६ बिटांत होते आणि उत्तर बरोब्बर ५,०००. ईएसपी३२वर इंट ३२ बिटांचा. तिथे दोन्ही आकडे आधी इंट होतात, उत्तर येतं उणे ६०,५३६. काउंटर कितीही चढला तरी फरक ५३५च्या पुढे जातच नाही. कोडमधल्या बेकायदा क्रिया पकडणारं यूबीसॅन हे साधनही गप्प, कारण सी भाषेच्या नियमांप्रमाणे यात बेकायदा काही नाही. वजाबाकीच्या उत्तरावर यूइंट१६चा कास्ट टाकला, म्हणजे उत्तर पुन्हा १६ बिटांत बसवलं, आणि गाडी सुरू झाली.

आता सगळीकडे यूइंट३२ करून टाकणार होतो. पण हे लिहितानाच लक्षात आलं, तोही ४९.७ दिवसांनी फिरतो, आणि गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) ते काढणी चार महिने तरी जातात. म्हणजे ती फेरी आधी तपासायला हवी. मिलिसेकंद देणारं खोटं घड्याळ लिहून लॅपटॉपवर हद्दीच्या १० सेकंद आधीपासून चालवतो. बदल त्यानंतरच.

ऊनोने जुन्या एसडी कार्डावर लिहिलेल्या नोंदी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वाचणंही जमलं. ऊनोवर लाँग (मोठा पूर्णांक) ४ बाइटचा, माझ्या ६४ बिटांच्या रास्पबेरी पायवर ८चा. इंटही २चा ४ होतो, म्हणून ८ बाइटची नोंद १६ची धरून वाचली जायची. इंट३२, इंट१६, यूइंट१६ असे रुंदी ठरलेले प्रकार घातले, खाली आकार ८च असल्याचं कंपाइल होतानाच तपासणारा स्टॅटिक असर्ट. हे प्रकार १९९९च्या सीपासून आहेत, पहिल्या दिवसापासून वापरायला हवे होते. गेल्या जानेवारीतल्या पहाटेचे ७.२ अंश स्क्रीनवर आले तेव्हा फार बरं वाटलं.

मामांना डाऊनी या द्राक्षावरच्या रोगासाठी पान किती तास ओलं राहिलं एवढंच हवंय. घड्याळाची चाचणी पार पडली तर रविवारी पंपाच्या खोलीत बॉक्स बसवतो.