आमची वाटचाल : फाउंटन पेनपासून पाईपपर्यंत

इंदूरच्या राजवाड्याजवळ वडिलांनी फाउंटन पेन दुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा तंबाखूच्या पाईपशी आमचा काहीच संबंध नव्हता. मात्र जुन्या पेनांची फीड (शाई निबकडे नेणारा भाग) आणि पुष्कळदा बाहेरचे अंगही एबोनाइटचे, म्हणजे गंधकाने कडक केलेल्या रबराचे असे, आणि जुन्या पाईपची तोंडात धरायची स्टेमही बहुधा त्याचीच असते. महूच्या छावणीतले निवृत्त लष्करी अधिकारी पेन घेऊन येत. त्यांतल्या काहींनी हिरवट-तपकिरी पडलेल्या स्टेम दाखवल्या, वडिलांनी त्या पेनासारख्याच उजळून दिल्या आणि तिथून हे काम वाढले.

उजेड आणि हवा लागून एबोनाइटचा वरचा थर बिघडतो व चवही कडवट होते. आम्ही ओल्या पॉलिश पेपरने, 400 नंबरपासून 2000पर्यंत चढत जाऊन तो थर काढतो आणि मग बफ करतो. शँकवरच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या बाऊलला स्टेमशी जोडणाऱ्या दांड्यावरच्या, कारखान्याच्या ठशाला मात्र पेपर लागू देत नाही, कारण पाईपची ओळख त्यातच असते.

खरा कस बाऊलमध्ये लागतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ; तिच्यातून कोरलेल्या बाऊलच्या आतील भिंतीवर जळून साठणाऱ्या काजळीच्या थराला केक म्हणतात. तो एक-दीड मिलिमीटर असेल तर लाकडाचे रक्षण करतो, फार जाड झाला तर उष्णतेने फुगून बाऊल तडकवतो. सगळे खरवडून लाकूड उघडे करा, असा काहींचा आग्रह असतो. तो आम्ही नम्रपणे नाकारतो. मीरशॉमचे याच्या उलट आहे : त्या मऊ खनिजाच्या बाऊलमध्ये केक धरूच द्यायचा नसतो.

शँकमधली चिकट घाण आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाईप क्लीनरने, क्लीनर पांढरा निघेपर्यंत काढतो. घरी सांभाळताना दोनच गोष्टी पाळाव्यात, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो : गरम पाईपची स्टेम ओढू नये, कारण सांध्यातला टेनन, म्हणजे स्टेमचे शँकमध्ये बसणारे टोक, तुटतो; आणि पावसाळ्यात ओलसर पाईप बंद डब्यात ठेवू नये, कारण बुरशी धरते.

आज येणारे बरेचसे पाईप वारसाहक्काने आलेले असतात. स्टेमवरच्या दातांच्या खुणा एबोनाइटला ऊब दिल्यावर बऱ्याच अंशी भरून येतात. पण आजोबांच्या त्या खुणा तशाच ठेवायच्या आहेत का, हे आम्ही आधी विचारतो. सध्या माझी मुलगी एबोनाइटच्या कांडीतून लेथवर नवी स्टेम काढायला शिकते आहे, म्हणजे तुटलेली स्टेम घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवावे लागणार नाही.